वाचक विचारतात: अनोळखी पंक आणि इंडी बँड शोधायचे कसे, त्यांच्यावर लिहायचं कसं

गेल्या अंकातल्या पंकवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांना दोनच गोष्टी हव्या आहेत: कुणाला फारसे माहीत नसलेले पंक आणि इंडी (मोठ्या कंपनीविना, स्वतंत्रपणे संगीत काढणारे) बँड सापडतात कुठे, आणि ऐकल्यावर त्यांच्याविषयी नेमकं लिहायचं काय. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

रामोन्स, क्लॅश, बझकॉक्स ऐकून झाले. आता गाण्यांचं ॲप तेच ते दहा बँड फिरवून-फिरवून पुढे करतं. त्यापलीकडे जायचं तर सुरुवात कुठून करावी? (कोल्हापूर)

ॲप काय करतं, तर एक बँड ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात ते पाहतं. ज्या बँडला जेमतेम चाळीस श्रोते आहेत, त्याची जोडी लावायला त्याच्याकडे पुरेशी माहितीच नसते. म्हणून तो बँड तुमच्यापर्यंत येत नाही. तेव्हा ॲप बाजूला ठेवा आणि माणसांचा माग काढा. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला चार गोष्टी वाचायच्या: लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) कुठलं, ध्वनिमुद्रण कुणी केलं, कुठे केलं, आणि आभार कुणाचे मानले आहेत. आभारांची यादी लोक सहसा वाचत नाहीत. पण त्या गावातले, त्या वर्षातले इतर बँड नेमके तिथेच सापडतात.

न्यूझीलंडचं उदाहरण घेऊ. १९८१मध्ये रॉजर शेपर्ड या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाने ख्राइस्टचर्चमध्ये फ्लाइंग नन हे लेबल सुरू केलं. या लेबलचं दुसरं सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) होतं ड्यूनेडिनच्या द क्लीन या बँडचं ‘टॅली हो!’. ते अवघ्या ५० डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित झालं होतं, तरी देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १९व्या क्रमांकापर्यंत गेलं. आता नावं धरून पुढे चला. त्यात ऑर्गन वाजवणारा मार्टिन फिलिप्स द चिल्स या बँडचा. क्लीनचा बास वाजवणारा रॉबर्ट स्कॉट पुढे द बॅट्समध्ये गेला. क्लीनचं पुढचं ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या टेपयंत्रावर करणाऱ्या दोघांपैकी एक ख्रिस नॉक्स. तो आधी द एनिमी या पंक बँडचा गायक होता, मग टॉय लव्हमध्ये आणि त्यानंतर टॉल ड्वार्फ्समध्ये गेला. म्हणजे एका सिंगलवरून पाच नवे बँड हाती लागले.

अजून एक पाऊल पुढे जा. १९८२मध्ये याच लेबलने चार बँडांची मिळून ‘ड्यूनेडिन डबल’ ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड काढली. चिल्स, व्हर्लेन्स, स्नीकी फीलिंग्ज आणि द स्टोन्स हे ते चार. यातले द स्टोन्स सर्वांत कमी ऐकले गेलेले. त्यांचा वेन एल्सी पुढे डबलहॅपीज या बँडमध्ये होता. त्याच्या जोडीला तिथे असलेल्या शेन कार्टरने नंतर स्ट्रेटजॅकेट फिट्स उभा केला. असा माग काढायला दोन संध्याकाळी पुरतात.

डिस्कॉग्ज या रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर हे काम सोपं होतं. रेकॉर्डच्या पानावर लेबलच्या नावावर टिचकी मारा आणि यादी वर्षानुसार लावा. तुमच्या रेकॉर्डला लेबलने जो क्रमांक दिला आहे त्याच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच ऐका. लहान लेबलचे शेजारी क्रमांक बहुतेक वेळा एकाच मित्रमंडळातले असतात. मग ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या नावावर जा. मालक किंवा निर्माता म्हणून छापलेल्या नावापेक्षा ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव जास्त उपयोगी ठरतं, कारण तो गावातल्या सगळ्यांसाठी काम करत असतो.

लेबल फार मोठं असेल तर ही युक्ती चालत नाही. ज्याची एकूण यादी दोनशेच्या आत आहे असं लेबल निवडा. ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने १९८७ ते १९९५ या काळात शंभर क्रमांक पूर्ण केले आणि लेबल बंद केलं. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड १९८०पासून जवळजवळ फक्त त्या शहराच्या बँडांपुरतं राहिलं. अशी मर्यादा घालून घेतलेली लेबलं शिकायला उत्तम.

हे झालं जुन्यांचं. आज, या महिन्यात निघालेलं कसं शोधायचं? बँडकॅम्पवर इतकं काही आहे की गोंधळायला होतं. (नाशिक)

बँडकॅम्प म्हणजे बँड आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ. त्याच्या शोधाच्या पानावर ‘पंक’ एवढंच निवडून थांबू नका. त्याला एक उपप्रकार जोडा (पोस्ट-पंक, हार्डकोर, किणकिणत्या गिटारचा जँगल पॉप) आणि एक शहर जोडा. क्रम ‘सर्वाधिक खपाचे’ असा लावलात तर पुन्हा ओळखीचीच नावं येतील. ‘नवे’ असा लावा. राजधानीपेक्षा दुय्यम शहरं घ्या: लंडनऐवजी लीड्स, टोकियोऐवजी ओसाका, जकार्ताऐवजी बांडुंग. तिथे बँड एकमेकांच्या ओळखीचे असतात आणि माग लवकर लागतो.

पान उघडल्यावर जे गाणं आपोआप वाजतं ते बँडने स्वतः पुढे केलेलं असू शकतं. त्यावर मत बनवू नका. यादीतलं दुसरं आणि शेवटून दुसरं गाणं ऐका. बँड त्याचं उत्तम गाणं सुरुवातीला ठेवतो. मधल्या गाण्यांत त्याची खरी कुवत कळते. दोन्ही गाण्यांत तुम्हाला थांबवणारं काही नसेल तर पुढे जा.

रेकॉर्ड आवडली तर मुखपृष्ठाखाली ती विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या अशा माणसाचा संग्रह उघडा, ज्याच्याकडे तुमच्या आवडीच्या आणखी दोन-तीन अनोळखी रेकॉर्ड्स आहेत. त्याचा संग्रह पन्नास ते तीनशेच्या दरम्यान असावा. तीन हजार रेकॉर्डवाला सगळंच घेतो, त्यामुळे त्याच्या निवडीतून काही हाती लागत नाही. नव्या बँडांचा शोध या संग्रहांतून जितका नेमका लागतो तितका दुसऱ्या कशानेही लागत नाही असं आमचं ठाम मत आहे.

पैसे द्यायचे असतील तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. नव्या कार्डांवर ते बंद असतात आणि व्यवहार काही कारण न सांगता फसतो. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कापतं. पैसे पोहोचवण्याचा खर्च वेगळा. २०२०च्या मार्चपासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतं. शक्य असेल तर खरेदी त्या दिवशी करा. स्पॉटिफायवर २०२४पासून आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलं गेलेलं गाणं ध्वनिमुद्रणाच्या मानधनात मोजलंच जात नाही. तुमच्या-आमच्या आवडीचे बहुतेक बँड त्या रेषेखालीच असतात.

मुंबई-पुण्यात असं काही चालू असतं का? (डोंबिवली)

असतं. रायट पेडलर्स आणि लाइटइयर्स एक्सप्लोड हे दोन्ही बँड मुंबईचेच. शोधायची पद्धत वेगळी नाही, फक्त रेकॉर्डच्या पाठीऐवजी कार्यक्रमाचं पोस्टर वाचायचं. लोअर परळच्या अँटीसोशलसारख्या जागांची गेल्या वर्षभरातली पोस्टर्स काढा आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात छापलेली नावं लिहून घ्या. जे नाव तीनदा आलं ते आधी ऐका. इथे ड्रमर थोडे, म्हणून एकच ड्रमर अनेक बँडांत वाजवतो. त्याच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यावरून इतर बँड सापडतात. मुख्य बँडच्या वेळेला पोहोचू नका, दार उघडतं तेव्हाच पोहोचा. तुम्हाला हवा तो बँड पहिल्या अर्ध्या तासात वाजवून मोकळा झालेला असतो.

‘डेथ’ नावाचा पंक बँड शोधला तर भलतंच संगीत लागलं. चूक कुठे झाली? (ठाणे)

तुम्हाला फ्लोरिडाचा त्याच नावाचा मेटल बँड लागला. पंकवाले डेथ डेट्रॉइटचे: डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हे तीन हॅकनी बंधू. १९७५मध्ये त्यांनी युनायटेड साउंड स्टुडिओत सात गाणी ध्वनिमुद्रित केली. मोठ्या कंपनीने नाव बदला म्हटलं, डेव्हिडने नकार दिला आणि बोलणी तुटली. १९७६मध्ये त्यांनी स्वतःच एक सिंगल काढलं, अवघ्या पाचशे प्रतींचं. ते संग्राहकांच्या हाती फिरत राहिलं. अखेर २००९मध्ये ड्रॅग सिटी या लेबलने सातही गाणी प्रसिद्ध केली. डेव्हिड तोवर गेला होता. रामोन्सच्या पहिल्या रेकॉर्डच्या आधी तीन कृष्णवर्णीय भाऊ हे असं वाजवत होते हे ऐकून अजूनही अंगावर काटा येतो.

सारख्या नावांचा घोळ लहान बँडांत नेहमीचा. ॲपवर दोन देशांतले दोन बँड एकाच पानावर चिकटवलेले सापडतात. तीन गोष्टी जुळवा: शहर, लेबल, आणि एका तरी वादकाचं नाव. डिस्कॉग्जवर सारख्या नावांपुढे कंसात आकडा असतो, तो टिपून ठेवा. तीनपैकी दोन जुळल्याशिवाय लिहायला बसू नका. चुकीच्या बँडचं चरित्र बरोबर बँडच्या परीक्षणात छापलं गेलं की ते पुढे सगळीकडे नक्कल होत राहतं.

आवाज मुद्दाम खरखरीत ठेवलाय की माझी फाइलच खराब आहे, हे ओळखायचं कसं? (छत्रपती संभाजीनगर)

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण अर्धी चुकीची परीक्षणं इथेच जन्मतात.

आधी झांजा ऐका. त्या पाण्यात बुडाल्यासारख्या सळसळत असतील तर दोष फाइल दाबण्याचा, म्हणजे तिचा आकार लहान करण्याचा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्रॅम (कोणत्या पट्टीत किती आवाज आहे त्याचं चित्र) पाहा. वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसली तर खात्री झाली. बँडकॅम्पवर जे थेट वाजतं तेही १२८चंच असतं. म्हणून परीक्षण लिहायचं असेल तर फ्लॅक (काहीही न कापता ठेवलेली फाइल) उतरवून घ्या.

टेपची खरखर वेगळी. ती दोन गाण्यांमधल्या शांततेतही चालू असते. दाबलेल्या फाइलचा दोष शांततेत गायब होतो. लहरींचे माथे सपाट असतील तर आवाज मर्यादेबाहेर गेला आहे. तो सगळ्या गाण्यांत सारखाच सपाट असेल तर बहुधा मास्टरिंगमध्ये (रेकॉर्डवर शेवटचा हात फिरवताना) झालं, आणि फक्त गायकाच्या ओरडण्याला होत असेल तर माइकजवळच झालं. दुसरा प्रकार पंकमध्ये पुष्कळदा मुद्दाम ठेवतात.

जुन्या सिंगलची कुणी चढवलेली नक्कल असेल तर वेग तपासा. ३३च्या वेगाची तबकडी ४५वर फिरवली की सगळं पाच सेमीटोनहून (पेटीच्या पाच लागोपाठच्या पट्ट्यांहून) किंचित जास्त वर जातं. गायक चिरकतो आणि ड्रम खेळण्यातले वाटतात. तोच बँड दुसरीकडे ऐकून पाहा. ट्युनर लावल्यावर सगळे सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच पडत असतील तर टेप कमी-जास्त वेगाने फिरली आहे. ‘अफाट वेगवान बँड’ असं लिहिण्याआधी एवढं बघाच.

परीक्षण लिहायला बसलो की ‘भन्नाट एनर्जी, कच्चा आवाज’ यापुढे गाडी जात नाही. पायरीपायरीने सांगाल का? (पुणे)

पहिल्यांदा ऐकताना काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा ऐकताना मिनिट-सेकंद टिपा: १:१२ला बास थांबतो, २:०५ला दुसरा आवाज येतो. तिसऱ्यांदा वेगळ्या यंत्रावर ऐका. हेडफोनवर ऐकलं असेल तर साध्या स्पीकरवर. प्रत्येक वेळेच्या मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. एका बैठकीत तीनदा ऐकलं की कानाला सवय होते आणि वाईट गाणंही ओळखीचं म्हणून बरं वाटू लागतं.

टिपायचं काय, तर ड्रमपासून सुरुवात करा. स्नेअर (कडकडीत वाजणारा मधला ड्रम) कोरडा आहे की मागे खोली घुमते? ठेका सरळ आहे, की स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या बँडवरून नाव पडलेला डी-बीट हा ठेका आहे? वेग मोजायला १५ सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणा. इथे हमखास दुप्पट-निमपट चूक होते. साध्या पंक ठेक्यात स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणून स्नेअरचे ठोके मोजून दुप्पट करणं सुरक्षित. मग बास: पिकने की बोटांनी? गिटार सगळे फटके खाली मारते का? रामोन्सची ती कडक, न थांबणारी भिंत त्यातूनच उभी राहते. की तारा मोकळ्या सोडून किणकिणते? गायकाचा आवाज वाद्यांच्या पुढे आहे, बरोबर आहे की गाडलेला? शेवटी गाणी संपतात कशी. तुटून, विरून, की दमून? लहान बँडची समज गाण्याच्या शेवटात फार लवकर दिसते.

आता लिहिणं. दीडशे शब्द पुरेत. पहिल्या वाक्यात कोरडी माहिती: बँड, गाव, किती गाणी, किती मिनिटं, कॅसेट की तबकडी, लेबल. मिनिटं द्याच. रामोन्सच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये २९ मिनिटांत १४ गाणी आहेत एवढं सांगितलं की निम्मं वर्णन झालं. दुसऱ्या वाक्यात थेट त्या गाण्यावर जा जिथे बँड सर्वांत जास्त स्वतःसारखा वाटतो. ‘टॅली हो!’वर लिहायचं तर ‘न्यूझीलंडचं गोड, कच्चं इंडी’ याने वाचकाला काहीच ऐकू येत नाही. ‘गिटारऐवजी स्वस्त ऑर्गन धून धरतो आणि ड्रम त्याला ढकलत नेतात’ म्हटलं की ऐकू येतं.

तुलना करायचीच तर बँडची बँडशी करू नका. वाद्याची वाद्याशी करा. ‘बास जॉय डिव्हिजनसारखा वरच्या पट्टीत धून वाजवतो’ हे चालेल. ‘जॉय डिव्हिजनची आठवण’ हे नको. एका परीक्षणात तुलना एकच. खोट सांगताना कारण द्या: पाचवं गाणं लांबतं, कारण दुसऱ्या कडव्यानंतर नवं काही येत नाही. शब्द कळले नाहीत तर बँडला पत्र पाठवून मागवा. अंदाजाने ऐकलेली ओळ छापू नका. त्याच पत्रात विचारा: कुठे ध्वनिमुद्रित केलं, कोणत्या महिन्यात, एकत्र वाजवून की एकेक वाद्य. बहुतेक बँड आनंदाने सांगतात, आणि ही माहिती दुसरीकडे कुठेच नसते. बझकॉक्सनी १९७७च्या आपल्या पहिल्या ईपीच्या (सिंगलहून मोठ्या, पूर्ण अल्बमहून लहान रेकॉर्डच्या) पाठीवर कुठलं गाणं कितव्या प्रयत्नातलं हे छापलं होतं. स्क्रिटी पोलिटींनी १९७८मध्ये पहिल्या सिंगलच्या वेष्टनावर खर्चाचा हिशेब दिला होता. ही परंपरा परीक्षणातून जपता येते.

शेवटी रेकॉर्ड कुठे मिळेल ते लिहा. मॅक्झिमम रॉकअँडरोल हे अमेरिकी पंक मासिक १९८२ ते २०१९ छापील निघत होतं. त्यात छोट्या परीक्षणांची पानंच्या पानं असायची आणि खाली पत्ता. त्या पत्त्यांवरून बँडांचे एकमेकांच्या गावी दौरे ठरले.

तारे द्यावेत का? (सातारा)

नाही. दीडशे शब्दांच्या परीक्षणात वाचक आधी तारे बघतो आणि शब्द सोडून देतो.

मित्राच्या बँडवर लिहावं का? आणि नवख्या बँडची रेकॉर्ड खरंच वाईट असेल तर? (रत्नागिरी)

मित्राच्या बँडवर लिहू नका. गावात दुसरं कुणी लिहिणारंच नसेल तर ओळख पहिल्या ओळीत जाहीर करा. त्यांच्याबरोबर काम केलं असेल, त्यांचं पोस्टर बनवलं असेल, तेही सांगा.

वाईट रेकॉर्डचं असं आहे: तीस श्रोते असलेल्या बँडचा पहिला डेमो झोडपून कुणाचंच भलं होत नाही. ती जागा चांगल्या रेकॉर्डला द्या आणि बँडला खासगीत दोन ओळी कळवा. मात्र रेकॉर्डची जाहिरात जोरात चालली असेल, लोक पैसे मोजत असतील, तर स्पष्ट लिहा. छापण्याआधी नावं, तारखा, गाण्यांची शीर्षकं बँडकडून तपासून घ्या. मताचा मजकूर मात्र दाखवू नका.

इथे ब्रुडनेल सोशल क्लबला नेहमी जाते. प्रत्यक्ष कार्यक्रमावर लिहिताना काय सांभाळावं? (लीड्स, इंग्लंड)

उभं राहायची जागा ध्वनिनियंत्रकाच्या मेजाजवळ. मिक्स (सगळ्या आवाजांचा मेळ) तिथल्यासाठी केलेला असतो. अगदी पुढे उभं राहिलात तर गिटारच्या ॲम्पचा थेट आवाज येतो आणि गायक दबतो. मग ‘आवाज पोहोचला नाही’ हा दोष विनाकारण गायकावर जातो. दोन गाणी पुढून ऐका, बाकीची मागून.

कानात प्लग घालाच. १०० डेसिबेलला सुरक्षित मर्यादा सुमारे १५ मिनिटांची आहे, आणि छोट्या खोलीतला पंक बँड तिथवर सहज जातो. फोमपेक्षा संगीतासाठी बनवलेले प्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात, त्यामुळे शब्द कळतात. गाण्यांची यादी कार्यक्रम संपल्यावर मंचावर चिकटवलेली असते. विचारून तिचा फोटो घ्या.

परदेशातून मागवलेली कॅसेट उशीत दाबल्यासारखी वाजते. बँडचा दोष की टेपचा? (नागपूर)

आधी तुमच्या यंत्राचा संशय घ्या. हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल लावू नका, रबर सुकतं. ते ओलसर फडक्याने पुसा. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद करा. घरी भरलेल्या कॅसेट बहुधा डॉल्बीशिवाय असतात, आणि ते चालू राहिलं तर वरच्या पट्ट्या दबतात. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा.

तरीही आवाज बोथट असेल तर हेडचा कोन जुळत नसेल. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कोन आणि तुमच्या यंत्राचा कोन वेगळा असतो. आवाज मोनो करा, हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूची मूळ जागा खुणेने नोंदवा आणि चुंबकत्व नसलेल्या पेचकसने तो हळूहळू फिरवा. पाव फेऱ्याहून जास्त नको. झांजा सर्वांत स्वच्छ ऐकू येतात तिथे थांबा. संगणकावर घेताना २४ बिट ठेवा आणि शिखरं उणे ६ डेसिबेलच्या आत. खरखर काढणारं फिल्टर लावू नका, ते स्नेअरचा कडकपणाही खातं. काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणा, नाहीतर पुढची प्रत्येक कॅसेट तुम्हाला बोथट वाटेल.